चावीवाल्याची राहिलेली फेरी

बस थांबली की चाचा आधी माणसांकडे पाहत नसत, चाकांकडे पाहत. हातातली लहानशी हातोडी चाकाच्या एकेका नटाला टेकवल्यासारखी मारायची, मान तिरपी करून ऐकायचं आणि पुढच्या नटाकडे सरकायचं. तेवढ्या वेळात मी दोन म्हाताऱ्या आणि त्यांची गाठोडी आत घेतलेली असायची. बाहेर टण, टण, टण चालू असायचं आणि एखाद्या दिवशी मध्येच 'ठक' यायचं. मग चाचा कंबर सरळ करून उभे राहायचे.

"मास्तर, आवाज आयका. मागचं डावं चाक. एक नट ढिला आहे."

पहिल्या वेळी आमचा ड्रायव्हर भडकला. "तुमच्या रेल्वेले चाकं राह्यले नाही म्हनून आमच्या चाकाले हात लावता काय?" असं काहीतरी बोलला. पण डेपोत मेकॅनिकनं पान्हा लावला तर नट खरंच अर्धा आटा फिरला. त्या दिवसापासून त्या फाट्यावर आमचा ड्रायव्हर इंजिन बंद करून थांबायला लागला. चाचांना आवाज नीट यावा म्हणून. स्वतःच्या सासऱ्यासाठीही त्यानं कधी इंजिन बंद केलं नसतं.

मी दिग्रस डेपोचा कंडक्टर. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळे शाळेत फारसे दिवे न लावताही मी जन्मभर मास्तर राहिलो. दिग्रस-यवतमाळ ही गाडी मी सोळा वर्षं केली. दारव्हा सोडलं की पुढे एक फाटा लागतो. तिथे डांबरी रस्ता आणि छोट्या आगगाडीची लाइन एकमेकांना ओलांडत. फाटकापासून हाकेच्या अंतरावर स्टेशन. स्टेशन म्हणजे एक कौलारू खोली, एक दगडी बाक आणि एक कडुनिंब. चाचा त्या लाइनीवर चावीवाले होते.

चावीवाला म्हणजे कुलपं उघडणारा नव्हे. रूळ खालच्या स्लीपरांना लोखंडी पाचरींनी आवळलेले असतात, त्या पाचरींना रेल्वेतली माणसं चावी म्हणतात. गाडीच्या हादऱ्यानं चाव्या सैल होतात. चावीवाल्यानं रोज सकाळी खांद्यावर घण टाकून आपल्या तुकड्यावरून चालत जायचं, सैल झालेली चावी आवाजावरून ओळखायची आणि ठोकून बसवायची. चाचांचा तुकडा सहा किलोमीटरचा. जाऊन-येऊन बारा. असे ते बत्तीस वर्षं चालले.

त्यामुळे त्यांना सगळं जग ठोकून पाहायची सवय लागली होती. टरबूज, माठ, घराची भिंत, कोणाची नवी सायकल. एकदा मला खोकला झाला होता तर माझ्या पाठीवर बोटांनी टकटक करून म्हणाले, "खोकला कोरडा आहे मास्तर, घाबरू नका. बोलनं तेवढं ढिलं आहे तुमचं." अख्खी बस हसली. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

आमच्यात एक जुनं भांडण होतं. ते मला म्हणायचे, "तुमच्या लाल डब्यानं आमची गाडी खाल्ली." मी म्हणायचो, "चाचा, तुमची गाडी इतकी सावकाश यायची की माणूस चालत पुढं जाऊन तिची वाट पाहायचा." यावर ते खळखळून हसत. पण आज खरं सांगतो, ते बोलणं खोटं नव्हतं. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत आम्ही मुद्दाम आगगाडीच्या दहा मिनिटं आधी फाट्यावर जाऊन उभे राहायचो. मी दारातून ओरडायचो, "चला यवतमाळ, यवतमाळ, बसायला जागा!" आणि स्टेशनच्या बाकावरची माणसं उठून पळत यायची. मला त्यात मोठी मर्दुमकी वाटायची. बाकावर शेवटी कोण उरायचं, हे मी कधी पाहिलं नाही.

मग एका वर्षी गाडी बंद झाली. लाइन खराब आहे, दुरुस्ती होईल, म्हणून स्टेशनच्या दाराला एक कागद चिकटवला: पुढील सूचनेपर्यंत गाडी बंद. तुम्हीही असे कागद पाहिले असतील. आपण ते वाचतो आणि त्याच क्षणी समजून जातो. चाचा समजले नाहीत. किंवा समजायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पुढील सूचनेपर्यंत म्हणजे पुढे सूचना येणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

आणि त्याला कारणही होतं. ते मला एका दुपारी कळलं. आमच्या बसचा पट्टा तुटला होता आणि दुसरी गाडी येईपर्यंत आम्ही कडुनिंबाखाली बसलो होतो. सोबत लाइन दुरुस्त करणाऱ्या गँगचे जुने मुकादम होते. ते चाचांच्या तीन वर्षं आधी निवृत्त झालेले, शेजारच्याच खोलीत राहणारे आणि दिवसाला चार वाक्यं बोलणारे. त्या दिवशी मात्र मुकादम बोलले.

त्या छोट्या लाइनीवर एक रीत होती. गँगचा माणूस निवृत्त झाला की त्या दिवशी त्याला हार घालून इंजिनात ड्रायव्हरशेजारी बसवायचे आणि त्याच्या स्वतःच्या तुकड्यावरून फिरवून आणायचे. जन्मभर जो तुकडा पायांनी तुडवला, तो एकदा बसून पाहायचा. नियमाच्या पुस्तकात हे कुठंच नव्हतं. पण ड्रायव्हर, गार्ड, स्टेशन मास्तर सगळे ही रीत पाळायचे.

"मले बसवलं होतं," मुकादम म्हणाले. "मी रडलो बाप्पा. खालून कधी दिसलंच नव्हतं तसं. वरून पाह्यलं तं माही लाइन एकदम सरळ दिसली."

चाचा ऐकत होते. ही गोष्ट त्यांनी किती वेळा ऐकली असेल, देव जाणे. "माही फेरी राह्यली, मास्तर," ते म्हणाले.

गाडी बंद झाली आणि पाचव्या महिन्यात चाचा निवृत्त झाले. स्टेशनच्या खोलीत टेबल मांडलं, शाल दिली, भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. साहेब चांगला माणूस होता. तो जाता जाता म्हणाला, "गाडी सुरू झाली की या चाचा, तुमची फेरी आपण करून टाकू." तो कोणालाही हेच म्हणाला असता. आपणही म्हणतो, या एकदा जेवायला. पण चाचांनी तो शब्द गाठीला बांधला.

निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी घण घेऊन तुकड्यावर जात राहिले. लोकांनी आधी चेष्टा केली, मग कंटाळले. पुसदला त्यांची मुलगी दिलेली होती. ती यायची, भांडायची, "अब्बा, चला माझ्याकडे, इथं कोन आहे तुमचं?" तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. चाचा म्हणायचे, "येतो बेटा. एक फेरी होऊ दे. मंग मी मोकळा."

आता मला माझं सांगायला पाहिजे. ते सांगायचं म्हणूनच मी लिहायला बसलो, नाहीतर चाकांच्या नटांवर कोण दोन पानं लिहितं.

एक दिवस दारव्ह्याला दोन माणसं माझ्या बसमध्ये चढली. पँट-शर्टातली, पाठीवर पिशव्या, हातात मोजायची मोठी टेप. तिकीट मागितलं फाट्याचं. मी विचारलं, काय काम? तर एक जण म्हणाला, लाइन बघायची आहे, पुढच्या महिन्यात साहेब लोक तपासणीला येणार आहेत. बस, एवढंच. मी पुढे एक शब्द विचारला नाही. कसली तपासणी, कशासाठी, काही नाही. फाटा आला आणि मी दारातूनच ओरडलो, "चाचा! साहेब येऊन राह्यले तपासनीले! तुमची लाइन चालू होते आता!"

शेवटचं वाक्य माझ्या पदरचं. ती माझी जुनी सवय. बोलणं ढिलं.

चाचा धावत दारापाशी आले. त्या माणसाला मी आधी कधी धावताना पाहिलं नव्हतं. "खरं सांगता मास्तर?" त्यांनी विचारलं. "आता मी कायले खोटं बोलू?" मी म्हणालो आणि बेल मारली.

पुढचा महिनाभर चाचांनी जे काम केलं, ते सहा माणसांच्या गँगनं केलं नसतं. बंद पडलेली लाइन किती लवकर जंगल होते, हे ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल. रुळांच्या मधून बाभळी उठल्या होत्या, तरोट्याचं तण कमरेएवढं होतं, वेलींनी चाव्या गिळल्या होत्या. चाचा कुऱ्हाड घेऊन उतरले. मुकादम गुडघे धरून मागे मागे. रोज बसमधून दिसायचं, रूळ आणखी थोडे उघडे झालेले. प्रवासी खिडकीतून पाहायचे आणि म्हणायचे, "बुढ्यानं कमाल केली बुवा."

गंजलेल्या चाव्यांना तेल पाहिजे होतं. ते मी आणलं. डेपोत इंजिनाचं काळं जळकं तेल पडलेलं असतं. मेकॅनिकच्या हातापाया पडून मी त्याचे दोन डबे भरले आणि माझ्या सीटखाली ठेवून नेऊन दिले. चाचांनी फडक्यानं एकेका चावीला तेल दिलं, ठोकून काढली, साफ केली, पुन्हा बसवली. सहा किलोमीटर. किती चाव्या झाल्या तुम्हीच विचार करा.

"एकबी ढिली नाही," ते म्हणाले. "साहेबानं कुठंबी ठोकून पाहावं."

तपासणीचा दिवस मी पाहिला नाही, माझी साप्ताहिक सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी फाट्यावर चाचा जुन्या निळ्या गणवेशात उभे होते. इस्त्री केलेला, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. हातात पेढ्यांचा पुडा होता. ते बसमध्ये चढले आणि पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत एकेकाला पेढा दिला. साहेब लोक जीपनं आले होते, पूर्ण तुकडा चालले होते, जागोजागी रुळावर पांढऱ्या रंगानं खुणा केल्या होत्या आणि जाताना म्हणाले होते, फार चांगलं ठेवलं आहे.

"पास झालो मास्तर," चाचा म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडात स्वतःच्या हातानं पेढा घातला. तो पेढा मला आजही आठवतो आणि नकोसा होतो.

दिवाळीनंतर एका सकाळी आमची बस फाटकापाशी थांबवावी लागली. गाडी बंद झाल्यापासून पहिल्यांदाच त्या लाइनीसाठी आम्ही थांबलो होतो. समोर दहा-बारा मजूर एक रूळ खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडत होते. पलीकडे दोन ट्रक उभे होते. एकात रूळ रचले होते, दुसऱ्यात स्लीपर. मी खाली उतरलो. तपासणी कसली होती, ते मला तेव्हा कळलं. साहेब लोक भंगाराचं मोजमाप करायला आले होते.

लाइन तर इथून मूर्तिजापूरपर्यंत पसरलेली. मग नेमकी इथूनच सुरुवात का? कंत्राटदाराचा फोरमन परप्रांतातला होता, तंबाखू मळत उभा होता. त्यानं न विचारता सांगितलं. बाकी लाइनीवर झाडी आहे, ट्रक जात नाही, चाव्या गंजून बसल्या आहेत, गॅसनं कापाव्या लागतील. इथे मात्र सगळं साफ. मग तो बाकावर बसलेल्या चाचांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "चाचा, मान गए! पूरी लाइन में सबसे बढ़िया टुकड़ा आपका है. एक चोट में चाबी बाहर!"

तो मनापासून कौतुक करत होता. चाचांच्या कामाला इतकं खरं प्रमाणपत्र कोणत्याही साहेबानं कधी दिलं नव्हतं. चाचांनी मान हलवली. त्यांच्या मांडीवर घण आडवा होता.

मी जाऊन त्यांच्याजवळ बसलो. ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही, प्रवाशांनीही घाई केली नाही. समोर घणाचे ठोके पडत होते आणि प्रत्येक ठोक्याला एक चावी निघत होती. माझ्या डेपोच्या तेलानं ती किती सहज निघत होती, हे मी पाहत होतो. मी म्हणालो, "चाचा, माझं चुकलं. मी नीट विचारायला पाहिजे होतं."

"तुमाले काय माहीत लाइनीतलं," चाचा म्हणाले. "मी तं बत्तीस वर्सं होतो ना. साहेब सहा किलोमीटर चालला, पन एकबी चावी ठोकून नाही पाह्यली त्यानं. निस्ती टेप लावत होता. ज्याले गाडी चालवाची आहे तो चावी ठोकते, मास्तर. मले तवाच समजाले पाह्यजे होतं. मी पेढे वाटत बसलो."

मजुरांनी सुट्या चाव्या आणि पट्ट्या वाहायला रुळांवर एक चारचाकी ठेला ठेवला होता. तो अजून न काढलेल्या भागावरून ढकलत न्यायचे. मला वाटलं, काहीतरी भरपाई करावी. माणूस अपराधी झाला की आणखी मूर्ख होतो. मी म्हणालो, "चाचा, त्याच्यावर बसून घ्या एकडाव. मी ढकलतो. फेरी होऊन जाईन तुमची."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. लहान पोरानं काही भलतंच मागावं, तसं पाहिलं.

"तो भंगाराचा ठेला आहे," ते म्हणाले. "मी भंगार आहे काय?"

मग ते उठले आणि घण खांद्यावर टाकून घराकडे गेले. त्यानंतर ते फाट्यावर कधी आले नाहीत. आमचा ड्रायव्हर पुढचे कितीतरी दिवस तिथे इंजिन बंद करून मिनिटभर थांबायचा. मी बेल मारायला हात उचलायचो आणि तसाच ठेवायचो.

निवृत्त झाल्यावर मी त्यांना दोनदा भेटायला गेलो. पुसदला ते गेलेच नव्हते. मुलगी आता भांडत नव्हती, महिन्यातून एकदा येऊन धान्य निवडून, डबे भरून जायची. पहिल्या भेटीत मी त्यांना दिग्रसकडच्या नव्या मोठ्या लाइनीचं सांगितलं. मातीचे भराव पडत आहेत, पूल उठत आहेत, मोठी गाडी येणार. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. ते म्हणाले, "येऊ द्या. पोराईले कामी येईन. पन ते माही लाइन नाही." दुसऱ्या भेटीत मुकादमही येऊन बसले. मुकादम आणि मी बोलत राहिलो, म्हणजे मी बोलत राहिलो. उठताना चाचांनी माझा हात धरला, बराच वेळ धरून ठेवला आणि सोडला.

भाद्रपदात मुकादमांचा फोन आला. मी बसनं गेलो, तिकीट काढून, प्रवासी म्हणून. उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता, पण गावातून कब्रस्तानाकडे जाणारी वाट काळ्या चिखलाची झाली होती आणि मधल्या नाल्याला मांडीएवढं पाणी होतं. तिथून जनाजा नेणं कठीण. जाणत्या लोकांनी विचार केला आणि ठरवलं की लाइनीवरून जायचं. रूळ गेले, स्लीपर गेले, पण खालची गिट्टी कोणी नेली नव्हती. ती उंच आणि घट्ट होती, नाल्यावरचा रेल्वेचा छोटा पूलही शाबूत होता.

आम्ही गिट्टीवर चढलो. कलमा चालू होता. माणसं पटापट खांदे बदलत होती. कौलं उडालेली स्टेशनची खोली मागे पडली तेव्हा माझी पाळी आली. मी उजव्या बाजूला खांदा दिला. भार फारसा नव्हता. पायाखाली गिट्टी करकरत होती, दोन्हीकडे बाभळी पुन्हा उठल्या होत्या आणि मधून ती वाट लांबपर्यंत सरळ गेलेली दिसत होती.

शंभर पावलं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. या तुकड्यावरून जाताना चाचा चालत नाहीत, असं आज पहिल्यांदाच होत होतं.

मला रडू आवरेना. मुकादम काठी टेकत शेजारून येत होते. मी त्यांना म्हणालो, "मुकादम, चाचांची फेरी होऊन राह्यली."

त्यांनी वर जनाज्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. जनाजा झपझप न्यायचा असतो, तशी माणसं झपझप चालली होती. ऐंशीच्या घरातले मुकादम गिट्टीवरून कसेबसे पुढे गेले आणि त्यांनी काठी आडवी धरली.

"जरा आस्ते चाला, बापा," ते पुढच्या खांदेकऱ्यांना म्हणाले. "गाडी इथून आस्तेच जाये."

पुढच्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पावलं हळू केली.